न रडणाऱ्याचे दुखणे

“लहान मुलांचे डॉक्टर असून माशाच्या तोंडात आकडा अडकवायला तुमचा हात कसा धजावतो?” आपल्या मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक स्नेहसंमेलनात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतेच. विचारणाऱ्यांत निष्ठावंत शाकाहारी जितके असतात, तितकेच इंदुरात ताजे पापलेट कोणत्या वारी येते याची पक्की माहिती ठेवणारेही असतात. प्रश्न अर्धा थट्टेचा असतो, म्हणून उत्तरही आजवर थट्टेवारीच गेले. परंतु प्रश्न खरा आहे. आणि “आम्ही मासा पकडून परत सोडतो हो,” हे त्याचे ठरीव उत्तर मला मुळीच पटत नाही. संपादकांनी स्मरणिकेसाठी छंदाविषयी लिहा असे सुचवले, तेव्हा छंदाचे गोडवे गाण्यापेक्षा या प्रश्नालाच भिडावे असे मी ठरवले.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. मंडीहून कुलूकडे जाताना औटच्या बोगद्याच्या अलीकडे एक रस्ता लारजीवरून बंजारकडे वळतो. पुढे या रस्त्याला तीर्थन नदीची सोबत मिळते. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क या नावाने १९९९ मध्ये घोषित झालेल्या आणि २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या अरण्यातून ती उतरते. आपल्या नर्मदेचा विस्तार डोळ्यांत घेऊन गेलेल्या माणसाला हिला नदी म्हणणेच प्रथम जड जाते. ठिकठिकाणी दगडावरून दगडावर उड्या मारीत पलीकडे जाता येईल एवढेच तिचे पात्र. पाणी मात्र बर्फाचे, आणि इतके स्वच्छ की डोहाच्या तळाचा एकेक गोटा मोजावा.

या पाण्यात ब्राउन ट्राउट राहतो. सोनेरी तपकिरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके. तो प्रवाहाकडे तोंड करून एखाद्या दगडाच्या आडोशाला स्थिर उभा राहतो आणि पाणी जे वाहून आणील ते टिपतो. वाहून येतात ते मुख्यतः कीटक. ओढ्यातला एखादा दगड उलटा करून पाहिला तर त्याच्या पोटाशी चिकटलेल्या चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या दिसतात. हे मेफ्लाय नावाच्या कीटकाचे बालपण. पाण्याखाली कित्येक महिने काढून तो पंख फुटताच वर येतो, आणि पंखांचे आयुष्य एखाद्या दिवसाचे. पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा आकड्यावर गुंडाळून या कीटकाची नक्कल करायची आणि ती ट्राउटच्या पुढ्यात अशी उतरवायची की तिच्यामागे दोरी आहे याचा त्याला संशय येऊ नये, एवढाच या खेळाचा सारांश. साध्या गळाच्या मासेमारीत वजन शिशाला असते आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. येथे सारे उलटे. माशीला वजनच नसते. वजन दोरीला असते, आणि लवचीक काठीने ती दोरी डोक्यावरून मागेपुढे खेळवीत, माशीला त्या दोरीच्या पाठीवर बसवून न्यावे लागते. मनगट बाद ठरवून कोपरापासून हात वापरायला शिकण्यात माझे पहिले दोन मोसम गेले. दिवसाचे सात-आठ तास उभे राहून दोन मासे लागले तर दिवस उत्तम गेला असे आम्ही समजतो. उरलेला वेळ पाहण्यात जातो, आणि ओपीडीत दर पाच मिनिटांना माणूस बदलणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पाहणे फार मोलाचे वाटते.

ट्राउट हिमालयातला मूळ रहिवासी नाही. घरची आठवण काढणाऱ्या इंग्रज साहेबांनी तो १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात आणला. तेथील मूळच्या माशांच्या वाट्याचे अन्न आणि जागा तो खातो, आणि जगातील उपद्रवी आगंतुक प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. हा आक्षेप गंभीर आहे. मात्र येऊन शंभर वर्षे लोटल्यावर कुणाला परका म्हणावे, हा मुद्दा होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या कुळांतील माणसाने फार ताणू नये.

आता मूळ प्रश्न. माशाला दुखते का?

या प्रश्नाकडे मी बालरोगतज्ज्ञ म्हणूनच पाहू शकतो, कारण आमच्या शास्त्राने हाच प्रश्न दुसऱ्या एका न बोलणाऱ्या जिवाविषयी विचारला होता आणि त्याचे उत्तर दीर्घकाळ चुकीचे दिले होते. आजच्या तरुण सहकाऱ्यांना कदाचित खरे वाटणार नाही, पण १९८० च्या दशकापर्यंत जगातील नामांकित केंद्रांमध्येही अपुऱ्या दिवसांच्या नवजात बालकांवर मोठ्या शस्त्रक्रिया होत, त्या जवळजवळ भुलीविना. नायट्रस ऑक्साइडचा हलका अंमल आणि स्नायू लुळे करणारे औषध, एवढ्यावर छाती उघडली जाई. स्नायू लुळे पडलेले मूल हलत नाही, रडत नाही. युक्तिवाद असा होता की नवजाताच्या मेंदूचे कॉर्टेक्स अपक्व आहे, चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण पूर्ण झालेले नाही, त्याला स्मृती नाही. तेव्हा जे दिसते ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, तिला वेदना म्हणू नये. शिवाय भुलीची औषधे अशा मुलांना धोक्याची, ही भीती होतीच, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

हे चित्र बदलण्यात मोठा वाटा असलेला माणूस आपल्या गावचा आहे, हे आपल्यातील सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. डॉ. कंवलजीत सिंग आनंद हे इंदूरच्या एम. जी. एम. मेडिकल कॉलेजचे पदवीधर. रोड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परत आलेली अर्भके इतकी खालावलेली का असतात, या साध्या निरीक्षणाचा त्यांनी पाठपुरावा केला. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या गटाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या एका गटाला नेहमीच्या पद्धतीबरोबर फेंटॅनिल दिले, दुसऱ्याला दिले नाही. फेंटॅनिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तातील ताणाच्या संप्रेरकांची उसळी कितीतरी मोठी होती आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक. त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये हिकी यांच्यासह त्यांनी लिहिलेला आढावा आला आणि नवजाताला वेदना होत नाही हे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने संपले. व्यवहारात ते संपायला आणखी बराच काळ लागला. मी १९९० च्या दशकात एम. डी. करीत असतानाही पाठीतून पाणी काढताना “त्याला काही कळत नाही, नीट धरून ठेवा” हे वाक्य सर्रास कानावर पडे. आज टाचेतून रक्त घेण्यापूर्वी बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब घालणे किंवा त्याला आईच्या अंगावर पाजत ठेवणे हा नेहमीचा शिरस्ता झाला आहे.

आता ट्राउटकडे येऊ. २००३ मध्ये लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधिकेने रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि ओठांभोवती वेदनाग्राही चेतातंतू असल्याचे दाखवून दिले. ओठात मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे तळाशी डोलत राहिले, काहींनी ओठ खडीवर घासले, कल्ल्यांची उघडझाप वाढली आणि सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. याच्या उलट बाजूने जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००२ मध्ये सविस्तर प्रतिपादन केले होते की माशाला निओकॉर्टेक्सच नाही. ज्याच्यापाशी जाणीव घडवणारे इंद्रियच नाही त्याच्या प्रतिक्रियेला वेदना म्हणणे हा माणसाने स्वतःचा अनुभव माशावर लादण्याचा प्रकार होय. हा वाद मिटलेला नाही. माशाला होणारी वेदना आपल्या वेदनेसारखी आहे असे मी म्हणणार नाही. ती कशी असते हे कळण्याचा मार्ग माझ्यापाशी नाही.

परंतु “कॉर्टेक्स नाही, म्हणून वेदना नाही” हे वाक्य वाचताना माझ्या मनात जुनी घंटा वाजते. मासा आणि अर्भक यांची बरोबरी मी करीत नाही, कृपया तसा अर्थ कुणी काढू नये. बरोबरी आहे ती युक्तिवादांची. दोन्हीकडे जो सोसतो त्याला बोलता येत नाही, जो निर्णय घेतो त्याची सोय “दुखत नाही” या उत्तरात असते, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मुकाट्याने सोसणाऱ्यावर टाकलेली असते. आपण डॉक्टरांनी ही जबाबदारी एकदा उलटी फिरवली आहे. दुखत असावे असे धरून चालायचे, आणि तसे धरल्यावर आपले वागणे किती बदलावे लागते ते पाहायचे. काठीच्या टोकाला मासा असतानाही मला याहून वेगळा नियम लावता येत नाही.

येथे “पकडून सोडतो” या उत्तराचा दुबळेपणा उघड होतो. झुंज देऊन दमलेल्या ट्राउटच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, रक्ताचा पीएच घसरतो. हे चित्र आपल्या अतिदक्षता विभागात कुणालाही ओळखू यावे. अशा अवस्थेत त्याला पाण्याबाहेर धरले की कल्ल्यांची नाजूक पाने एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या कॅनडातील संशोधकांनी १९९२ मध्ये हे मोजले. पूर्ण दमवलेले रेनबो ट्राउट पाण्यातच ठेवले तर बारा तासांत १२ टक्के दगावले. दमवून ३० सेकंद हवेत धरले तर ३८ टक्के. ६० सेकंद धरले तर ७२ टक्के. प्रयोगशाळेतील दमवणूक नदीतल्यापेक्षा कठोर असते हे मान्य; तरी एका छायाचित्रासाठी मिनिटभर मासा उंच धरणाऱ्या हौशी मंडळींनी हे आकडे भिंतीवर लावावेत. मासा शेपूट हलवीत निघून गेला म्हणजे तो वाचला असे नव्हे. अपघातग्रस्त चालत घरी गेला म्हणून त्याची प्लीहा शाबूत आहे असे आपण मानत नाही.

स्वित्झर्लंडने तर २००९ पासून परत सोडण्याच्या हेतूने मासे पकडण्यालाच बंदी केली. खायचा असेल तर पकडा, मनोरंजनासाठी दमवू नका, असा त्यामागचा विचार. मी तेवढ्या टोकाला जात नाही, कारण लहान वा अंडी भरलेला मासा गळाला लागला तर तो सोडलाच पाहिजे. पण त्या कायद्यातला प्रामाणिकपणा मला आवडतो. मी दिवसाला दोन मासे ठेवतो, आमच्या मुक्कामाच्या घरी ते मोहरीच्या तेलात तळून खातो, आणि दोन झाले की काठी मिटतो. दिवसभरात वीस मासे पकडून वीसही सोडल्याचा अभिमान बाळगणाऱ्यापेक्षा हा हिशेब मला अधिक स्वच्छ वाटतो. आकड्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो. त्यामुळे निम्मे मासे निसटतात आणि ओठ फाटत नाही. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. खिशात तापमापक असतो. पाणी १८ अंशांच्या वर गेले की त्यातला प्राणवायू कमी झालेला असतो आणि माशाची गरज वाढलेली असते. त्या दिवशी फक्त पाहायचे.

हे झाले एकेका माशाचे. माझा खरा आग्रह पुढचा आहे, आणि तो मोसमाविषयी आहे.

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. असा बंदीकाळ आपल्याला नवा नाही. मध्य प्रदेशात तो १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत असतो, आणि कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून होडी समुद्रात लोटीत नसे. ट्राउटच्या बाबतीत या चार महिन्यांत काय घडते ते मात्र नवजातशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखे आहे. मादी वाहत्या, उथळ पाण्यात खडीची जागा निवडते, कुशीवर वळून शेपटीच्या फटकाऱ्यांनी खळगा करते, त्यात अंडी घालते आणि नराने ती फळवल्यावर वरच्या बाजूची खडी उकरून ती झाकते. पुढचे सर्व बाळंतपण या खडीच्या पोटात. गोट्यांच्या फटींतून झिरपणारे थंड पाणी हाच इन्क्युबेटर, हाच प्राणवायूचा पुरवठा. अंडे फुटण्यास ठरावीक दिवस लागत नाहीत. ठरावीक उष्णता लागते. पाण्याचे सरासरी तापमान गुणिले दिवस यांचा गुणाकार सुमारे चारशे झाला की अंडे फुटते. बाहेर आलेले पिल्लू पोहत नाही. पोटाखाली बलकाची पिशवी घेऊन, अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळासारखे, ते खडीतच अंधारात पडून राहते. पिशवी संपेपर्यंत जवळजवळ तेवढाच गुणाकार आणखी लागतो. मग ते वर येते.

आता गणित करून पाहा. अंडी १ डिसेंबरला घातली आणि पाणी सरासरी ६ अंश धरले, तर अंडी फुटायला फेब्रुवारीचा पहिला आठवडा उजाडतो. पुढे पाणी सरासरी ७ अंश धरले तर पिल्ले वर यायला एप्रिलचा प्रारंभ. वरच्या, अधिक थंड टप्प्यात याहूनही उशीर. याचा अर्थ असा की १ मार्चला बंदी उठते आणि आम्ही हौशी मंडळी गुडघ्यापर्यंत बूट चढवून उत्साहाने पाण्यात उतरतो, तेव्हा बाळे अजून खडीतच असतात. नेमकी अशाच उथळ, सोप्या, गोटेरी जागी, जिथे पाय रोवायला बरे वाटते. अमेरिकेत मोंटाना येथे रॉबर्ट्स आणि व्हाइट यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अंडी फुटण्याच्या बेतात असताना माणूस त्या खडीवरून एकदाच चालून गेला तरी ४३ टक्क्यांपर्यंत अंडी मेली. रोज दोनदा चालल्यास नुकसान ९६ टक्क्यांपर्यंत गेले. एकही मासा न पकडणारा, अत्यंत अहिंसक वृत्तीचा शिकारी संध्याकाळपर्यंत एक अख्खी पिढी पायाखाली घालून समाधानाने चहाला परत येऊ शकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की ट्राउटच्या नद्यांवर बंदी उठण्याची तारीख १५ एप्रिलपर्यंत पुढे न्यावी. ते होत नाही तोवर मार्चमध्ये परवाना काठावरून मासे धरण्यापुरताच असावा, पाण्यात उतरण्याचा नसावा. यावर स्थानिक मंडळी हरकत घेतात, आणि ती मी हलकी मानत नाही: मार्च हा तेथील अतिथिगृहांचा, वाटाड्यांचा कमाईचा महिना आहे. सहा आठवड्यांचे उत्पन्न बुडवा असे इंदुरात बसून सांगणे सोपे असते. पण काठावरून मासेमारी चालू राहिली तर पाहुणे येतीलच. शिवाय वाटाड्याला नवे काम मिळेल. अंडी घातलेली खडी आजूबाजूच्या शेवाळलेल्या गोट्यांपेक्षा उजळ, धुतल्यासारखी दिसते. ती ओळखून पाहुण्याला तिथून दूर ठेवणे हे काम स्थानिक डोळाच करू शकतो.

ज्या खडीविषयी मी एवढे लिहितो आहे ती आज तीर्थनमध्ये शाबूत आहे, याचे श्रेयही स्थानिकांचेच. या खोऱ्यात नऊ लघु जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित होते. धरण लहान असले तरी पाणी बोगद्यात वळवले की खाली कोरडी खडी उरते, आणि साचलेला गाळ सोडला की तिच्या फटी बुजतात. दोन्ही प्रकारांत इन्क्युबेटरचा वीजपुरवठा तोडल्यासारखेच. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी गावकऱ्यांना घेऊन २००० नंतरच्या दशकात हा लढा दिला आणि ते प्रकल्प रद्द झाले. शेजारच्या खोऱ्यांकडे पाहिले म्हणजे त्याची किंमत कळते.

आपल्यातील काही पालकांनी विचारले आहे की दहा-बारा वर्षांच्या मुलांना अशा सहलीला न्यावे का. अवश्य न्यावे. काठी हातात देण्यापूर्वी दोन दिवस दगड उलटे करून अळ्या पाहू द्याव्यात, आणि प्रत्येक दगड पुन्हा होता तसा ठेवायला लावावा. पहिला मासा ठेवायचा ठरल्यास तो झटकन मारणे आणि साफ करणे मुलांसमोरच व्हावे. ताटातल्या पापलेटविषयी ती अवघड प्रश्न विचारू लागतील, तयारी ठेवावी.

आमचा चौघांचा नेहमीचा गट यंदा मार्चऐवजी १८ एप्रिलला निघतो आहे. त्यातील एका सर्जन मित्राला सुट्टी मिळाली नसल्याने एक जागा रिकामी आहे. येणाऱ्याने तापमापक आणि पक्कड आणावी. गुडघ्यापर्यंतचे बूट आणू नयेत.